डोळ्याची लाली आणि काचबिंदूचें औषध

लोणारचें सरोवर हें बुलढाणा जिल्ह्याचें एक विस्मयकारक भूषण आहे. आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या कातळांत पडलेल्या या विवरांतील खारें पाणी जून २०२० मध्यें एकाएकीं गुलाबी दिसूं लागलें, तेव्हां आसपासच्या लोकांत मोठें कुतूहल आणि थोडी भीतिही उत्पन्न झाली. नाना तर्क लढविले गेले. अखेर पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत तपासण्यांत आले. उन्हाळ्यांत पाणी आटून क्षारांचें प्रमाण वाढलें, त्यामुळें खाऱ्या पाण्यांत जगणारे एक प्रकारचे सूक्ष्म जीव बळावले, आणि त्यांच्या अंगच्या रंगद्रव्यानें सारें सरोवर रंगलें, असें निष्पन्न झालें. कांहीं काळानें तो रंग ओसरलाही. लाली दिसली कीं घात झाला, असें धरून न चालतां ती कशाची आहे हें आधीं पाहावें, हा धडा त्या घटनेनें घालून दिला.

लोणारच्या सरोवराचा आणखी एक विशेष आहे. त्यांत धारेचें पाणी येतें, पावसाचे ओहोळ येतात. पण बाहेर जावयास वाट नाहीं. जें पाणी जातें तें उन्हानें वाफ होऊनच जातें. मनुष्याच्या डोळ्याची रचना अशी नाहीं. तेथें पाणी येण्यास वाट आहे, तशी जाण्यासही आहे. जाण्याची ही वाट अडली म्हणजे जो रोग होतो, तोच काचबिंदु.

आतां एका घराची कल्पना करावी. मेहकर किंवा मोताळा तालुक्यांतील एखादें खेडें. साठी उलटलेला एक शेतकरी चष्म्याचा नंबर काढण्याकरितां तालुक्याच्या गांवीं जातो. तेथील डॉक्टर त्याच्या डोळ्यांतील दाब मोजतात, आंतील नस पाहतात आणि सांगतात, “काचबिंदूची सुरुवात आहे. हें औषध रोज रात्रीं एक थेंब घालावें. तें जन्मभर चालवावें लागेल.” म्हातारा औषध घेऊन घरीं येतो. त्याला डोळ्यानें चांगलें दिसत असतें. दुखत नसतें, खुपत नसतें. औषध सुरू केल्यावर मात्र आठ-दहा दिवसांत डोळे लाल दिसूं लागतात. सून काळजीनें म्हणते, “मामंजी, या औषधानें डोळे बिघडताहेत, कांहीं दिवस राहूं द्या.” औषध बंद होतें. लाली जाते. घरांतील सर्वांस बरें वाटतें. बाटली कोनाड्यांत पडून राहते. दोन-तीन वर्षांनीं म्हातारा चालतांना दाराच्या चौकटीवर आपटूं लागतो, बाजूनें आलेलें जनावर त्याला दिसत नाहीं. आणि तेव्हां पुन्हां दवाखान्यांत नेलें असतां कळतें कीं, गेलेली दृष्टि आतां परत येणार नाहीं.

या काल्पनिक घरांतील प्रत्येक माणूस भल्या हेतूनेंच वागला. चूक झाली ती एवढीच कीं, औषधानें आलेली लाली कसली हें कोणीं विचारलें नाहीं. तेव्हां काचबिंदूचीं औषधें डोळ्यांतील रक्तवाहिन्यांवर काय परिणाम करितात, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम डोळ्याच्या घडणीकडे पाहूं. बाहुलीभोंवतालच्या रंगीत पडद्यामागें एक लहानसा अवयव आहे. त्याला रोमक पिंड म्हणतात. त्यांतील बारीक रक्तवाहिन्यांमधून येणाऱ्या रक्तापासून एक स्वच्छ जल तयार होतें. हें नेत्रजल म्हणजे अश्रु नव्हेत. अश्रु डोळ्याच्या बाहेर वाहतात, हें आंत खेळतें. ज्या भागांत रक्तवाहिन्या नाहींत अशा पारदर्शक भागांस तें अन्न व प्राणवायु पुरवितें. डोळ्याच्या पुढील कप्प्यांतील सारें जल दीड-दोन तासांत बदलून जातें. पारदर्शक पटल व रंगीत पडदा जेथें मिळतात त्या कोनांत एक सूक्ष्म चाळणी आहे. तिच्यांतून गळून हें जल एका वर्तुळाकार नलिकेंत जातें आणि तेथून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील शिरांत मिसळतें. म्हणजे नेत्रजलाचा उगम रक्तांत आणि शेवटही रक्तांतच. यावरून एक गोष्ट सहज ध्यानांत येईल : डोळ्यांतील दाबावर ज्या औषधाचा अंमल चालतो, त्याचा डोळ्यांतील रक्तवाहिन्यांशीं कांहीं ना कांहीं संबंध यावयाचाच.

हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. सामान्यतः तो १० ते २१ या मर्यादेंत असतो. विदर्भांतील खेडुतांच्या डोळ्यांची एक मोठी पाहणी सन २००६ ते २००८ या काळांत नागपूरच्या सूरज नेत्र संस्थेतर्फे झाली. नागपूरनजीकच्या ८ खेड्यांतील ३० वर्षें व त्यांवरील वयाचीं ४७११ माणसें तींत तपासलीं गेलीं. त्यांचा सरासरी दाब १४ च्या आसपास भरला. परंतु दाब या मर्यादेंत असूनही काहींना काचबिंदु होतो, आणि मर्यादेबाहेर असूनही काहींची नस वर्षानुवर्षें शाबूत राहते. याचें कारण काय? एक कारण असें कीं, नसेला होणारा रक्ताचा पुरवठा सर्वांचा सारखा नसतो.

डोळ्याच्या पाठीमागून मेंदूकडे जी नस जाते, तिच्यांत सुमारे १० ते १२ लक्ष तंतु असतात. हे तंतु ज्या ठिकाणीं डोळ्याबाहेर पडतात तेथें त्यांना दोन बाजूंनीं जपावें लागतें. डोळ्यांतील दाब त्यांना मागें रेटतो. आणि त्यांना पोसणारें रक्त त्या दाबाविरुद्धच आंत शिरत असतें. उंचावरील टाकीचें पाणी नळानें घरांत यावें, पण घरांतच उलट रेटा असेल तर तें कमी यावें, तसा हा प्रकार आहे. हिशेब करावयाचा तर तो असा : ज्याचा रक्तदाब १२० वर ८० आहे, त्याचा सरासरी रक्तदाब सुमारे ९३ धरतात. मनुष्य बसलेला असतां डोळ्यापर्यंत पोंचणारा दाब त्याच्या दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे ६२ असतो. त्यांतून डोळ्यांतील दाब १६ वजा केला तर रक्त आंत ढकलण्यास ४६ उरतात. पण डोळ्यांतील दाब ३० झाला तर ३२ च उरतात. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं झालेल्या पाहणींत, ज्यांचा असा उरलेला दाब अगदीं खालच्या पायरीवर होता त्यांच्यांत काचबिंदु सुमारे सहापट आढळला, असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें.

यावरून दोन उपाय सुचतात. डोळ्यांतील दाब उतरवावा हा एक. आणि नसेकडे जाणारें रक्त कमी होऊं देऊं नये हा दुसरा. पहिल्याची उपयुक्तता निर्विवाद सिद्ध झाली आहे. स्वीडनमध्यें झालेल्या एका दीर्घ अभ्यासांत दाबाचा एकेक मिलिमीटर उतरला कीं रोग वाढण्याचा संभव सुमारे शेंकडा १० नें घटतो, असें २००३ सालीं दिसून आलें. दुसऱ्याविषयीं इतक्या निश्चितपणें कोणासही बोलतां येत नाहीं.

आतां औषधांकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अधिमंथ नांवाच्या नेत्ररोगाचें वर्णन आहे. डोळा घुसळल्यासारख्या वेदना, अर्ध्या डोक्याचा ठणका आणि उपेक्षा केल्यास दृष्टिनाश, हीं त्याचीं लक्षणें. आधुनिक वैद्य त्यांत अकस्मात येणाऱ्या काचबिंदूची छाया पाहतात. युरोपांत १८५७ सालीं ग्रेफे या जर्मन नेत्रवैद्यानें या रोगावर शस्त्रक्रिया सांगितली, आणि १८७६-७७ च्या सुमारास पहिले गुणकारी थेंब आले. त्यांतील पायलोकार्पिन हें दक्षिण अमेरिकेंतील एका झुडुपाच्या पानांपासून काढलेलें. तें बाहुली बारीक करून चाळणी ताणतें व निचरा वाढवितें. पण त्याबरोबरच डोळ्याच्या पृष्ठभागावरील रक्तवाहिन्याही फुगवितें. म्हणजे काचबिंदूचें औषध घातल्यानें डोळा लाल होणें ही तक्रार जवळजवळ दीडशें वर्षांची आहे.

पुढें ॲड्रेनलिनचे थेंब आले. त्यांचा गुण उलट. ते रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून डोळा क्षणभर पांढराशुभ्र दिसे. पण औषधाचा अंमल उतरला कीं त्याच वाहिन्या पूर्वीपेक्षां अधिक फुगत आणि लाली दुणावे. या औषधाचा वापर आतां जवळजवळ संपला आहे; परंतु त्यानें शिकविलेली गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. आवळलेली वाहिनी पुढें उसळून येते. औषधांच्या दुकानांतून “डोळे स्वच्छ करणारे” म्हणून जे थेंब लोक आपण होऊन आणतात, त्यांपैकीं कित्येकांत रक्तवाहिन्या आवळणारींच द्रव्यें असतात. त्यांनीं लाली तात्पुरती झांकते, रोग कळत नाहीं. आणि ज्याच्या डोळ्यांतील कोन मुळांतच अरुंद आहे त्याची बाहुली मोठी होऊन निचऱ्याची वाट एकदम बंद पडण्याचाही धोका असतो.

सन १९७८ मध्यें अमेरिकेंत टिमोलॉल या औषधास मान्यता मिळाली. हें नेत्रजलाची उत्पत्तिच कमी करितें. यानें डोळा फारसा लाल होत नाहीं, किंमतही बेताची, म्हणून याचा प्रसार फार झाला. परंतु डोळ्यांत घातलेला थेंब डोळ्यांतच राहतो असें नाहीं. अश्रूंच्या वाटेनें तो नाकांत उतरतो आणि तेथील रक्तवाहिन्यांतून सर्व शरीरांत जातो. मग नाडी मंद होऊं शकते, दमेकऱ्याचा दमा उसळूं शकतो, रात्रीचा रक्तदाब अधिक उतरूं शकतो. ज्याला दमा आहे किंवा ज्याच्या हृदयाचे ठोके मुळांतच संथ आहेत त्यानें हें डॉक्टरांस आधीं सांगितलेंच पाहिजे. दमा आणि डोळा यांचा काय संबंध, असें मनांत आणून पुष्कळ लोक गप्प राहतात. तसें राहूं नये.

ब्रिमोनिडीन हें औषध १९९६ सालीं आलें. तें नेत्रजल घटवितें आणि डोळ्यावरील वाहिन्या आवळतें. म्हणून आरंभीं डोळा निवळलेला दिसतो. पण कित्येकांना काहीं महिन्यांनीं त्याचें वावडें उत्पन्न होतें. खाज सुटते, पापण्या सुजतात, डोळे लाल होतात. ही लाली सोसून घेण्यासारखी नव्हे. डॉक्टरांस दाखवून औषध बदलून घ्यावें. तान्ह्या मुलांस तर हें औषध मुळींच घालूं नये. गुंगी येऊन श्वास मंदावतो. घरांत लहान मुलें असतील तर बाटली त्यांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी. याच औषधाविषयीं २०११ सालीं एक लक्षवेधक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांचा दाब फार वाढलेला नाहीं तरी नस झिजते आहे, अशा रोग्यांच्या एका गटास ब्रिमोनिडीन व दुसऱ्यास टिमोलॉल देण्यांत आलें. दोहोंनीं दाब सारखाच उतरला. पण पहिल्या गटांत शेंकडा ९ जणांची दृष्टि खालावली, तर दुसऱ्यांत शेंकडा ३९ जणांची. ब्रिमोनिडीन नसेचें रक्षण करितें, कीं टिमोलॉलनें रक्तपुरवठा घटतो, यावर वैद्यांत मतभेद आहे. शिवाय वावड्यामुळें पहिल्या गटांतील पुष्कळ रोगी मध्येंच गळाले होते. म्हणून या एका अभ्यासावरून कोणीं आपलें औषध स्वतःच बदलूं नये.

डोर्झोलमाइड हें औषध १९९० नंतरच्या दशकांतलें. डोळ्यांत एक विशिष्ट पाचकासारखें द्रव्य आहे. त्यास रोखून तें नेत्रजल कमी करितें. त्याच कारणानें तेथें कर्बद्विप्राणिल वायु किंचित् सांचतो व रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात. यानें डोळ्यांतील रक्तप्रवाह वाढल्याचें कित्येक प्रयोगांत दिसलें आहे. परंतु प्रवाह वाढला म्हणून दृष्टि अधिक टिकली, हें सिद्ध झालेलें नाहीं. दाब उतरविणें हेंच त्याचें प्रमाणभूत कार्य.

आतां ज्या औषधानें त्या काल्पनिक घरांत घोटाळा झाला तें पाहूं. लॅटानोप्रोस्ट आणि त्याच्या जातीचीं औषधें १९९६ पासून प्रचारांत आलीं. दिवसांतून एकदांच, बहुधा रात्रीं, एक थेंब पुरतो. आणि दाब पुष्कळ उतरतो. नेत्रजलास चाळणीखेरीज स्नायूंच्या तंतूंमधून जाणारी जी दुसरी वाट आहे, ती हें औषध मोकळी करितें. पण त्याच वेळीं तें डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करितें. वाहिन्या रुंदावतात, त्यांत रक्त अधिक भरतें, डोळा लालसर दिसतो. येथें पू नसतो, जखम नसते, नसेला इजा नसते. बहुतेकांची ही लाली काहीं आठवड्यांत कमी होते. पापण्यांचे केस लांब व दाट होणें, पापणीची कातडी काळवंडणें, पिंगट बुबुळ अधिक गडद होणें, हेही याच औषधाचे परिणाम. यांनीं दृष्टि जात नाहीं. मात्र ज्याला पूर्वीं डोळ्याच्या आंत सूज येऊन गेली आहे, किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करतांना गुंतागुंत झाली आहे, त्यानें तें अवश्य सांगावें. अशा डोळ्यांत पाठीमागच्या पडद्यास सूज येऊं शकते.

आणखी एक नवें कुळ आहे तें जपानांत २०१४ व अमेरिकेंत २०१७ सालीं मान्य झालें. रिपासुडिल व नेटारसुडिल हीं तीं औषधें. तीं चाळणी सैल करितात; आणि नेटारसुडिल तर ज्या शिरांत नेत्रजल शेवटीं मिसळतें त्यांतील दाबही उतरवितें. विहिरीच्या पाटाचें तोंड रुंद करावें आणि पुढच्या चारींतील तुंबलेलें पाणीही काढावें, तसें हें झालें. पण रक्तवाहिन्यांचे स्नायूही सैल होत असल्यानें यांची लाली सर्वांत ठळक असते. म्हणजे येथें लाली ही औषधाच्या गुणाचीच दुसरी बाजू ठरते.

या प्रकरणीं महाराष्ट्राचाही एक वांटा आहे. कोलियस नांवाच्या सुगंधी वनस्पतीचीं मुळें गुजरातेंत गरमर म्हणून लोणच्यांत घालतात. मुंबईस मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रांत १९७० नंतरच्या दशकांत या मुळांपासून फोर्स्कोलिन हें द्रव्य काढलें गेलें. लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेनेंही त्याच काळांत तें शोधलें. तें रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवितें. आणि डोळ्यांत घातलें असतां आंतील दाबही उतरतो, असें १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. प्रचलित औषधांच्या पंक्तींत त्यास स्थान मिळालें नाहीं, हें खरें. तरी एका लोणच्याच्या मुळीनें नेत्रवैद्यकास विचार करावयास लाविलें, ही गोष्ट लहान नव्हे.

मग सारी लाली निरुपद्रवी मानावी काय? मुळींच नाहीं. डोळा एकाएकीं लाल होऊन त्यांत असह्य ठणका लागला, डोकें दुखून वांति झाली, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसूं लागलीं आणि दृष्टि अंधुक झाली, तर तो अकस्मात आलेला काचबिंदु असण्याचा संभव असतो. त्याच दिवशीं दवाखाना गांठला पाहिजे. मधुमेह जुना असेल तर रंगीत पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवून कोन बुजवितात. तो काचबिंदु थेंबांनीं सहसा आटोपत नाहीं, त्यास इंजेक्शन, लेसर किंवा शस्त्रक्रिया लागते. आणि स्टेरॉइडचे थेंब! डोळे चोळणाऱ्या मुलांस यांनीं झटपट आराम पडतो, लाली जाते. म्हणून जुन्या चिठ्ठीवर तेच पुन्हां पुन्हां आणले जातात. लाली घालविणारें हें औषधच कित्येकांत आंतून दाब वाढवून काचबिंदु आणतें. डोळा पांढरा झाला म्हणून तो निरोगी झाला, असें समजूं नये.

औषध घालण्याची रीतिही महत्त्वाची आहे. खालची पापणी ओढून एकच थेंब घालावा. दुसरा वाहूनच जातो. मग डोळा हलकेच मिटून नाकाकडील कोपरा बोटानें दोन-तीन मिनिटें दाबून ठेवावा, म्हणजे औषध रक्तांत कमी उतरतें. दोन औषधें असतील तर मध्यें पांच मिनिटें जाऊं द्यावीं. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली बहुधा शीतकपाटांत ठेवावी लागते, आणि उघडल्यावरही ती २५ अंशांहून अधिक उष्णतेंत ठेवावयाची नसते. मलकापूर, नांदुरा, शेगांव या पूर्णेच्या खोऱ्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हां सदऱ्याच्या खिशांत किंवा पत्र्याखालच्या फळीवर पडलेल्या बाटलींतील औषधाचा जोर राहील, असें धरून चालतां येत नाहीं. बाटली घेतांनाच दुकानदारास विचारावें. रक्तदाबाच्या गोळ्या रात्रीं घेणाऱ्यांनीं तेंही नेत्रवैद्यास सांगावें. झोंपेंत रक्तदाब फार उतरला तर नसेची उपासमार होते. गोळ्या आपण होऊन बंद मात्र करूं नयेत.

हिंदुस्थानांत ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लक्ष लोकांस काचबिंदु असावा, असा अंदाज २०१० सालीं करण्यांत आला. आणि निरनिराळ्या पाहण्यांत असें दिसलें कीं, दहांपैकीं नऊ रोग्यांस आपल्या रोगाची वार्ताच नसते. ज्या दहाव्यास ती लागली, त्याच्या हातांतील बाटली केवळ लालीच्या भयानें कोनाड्यांत जाऊं नये. आईबाप किंवा भावंडांपैकीं कोणास काचबिंदु असेल तर चाळिशीनंतर प्रत्येकानें डोळ्यांतील दाब व नस तपासून घ्यावी.

त्या काल्पनिक घरांतील सुनेनें दुसऱ्या दिवशीं बाटली बरोबर घेऊन सासऱ्यास दवाखान्यांत नेलें असतें, आणि “डोळे लाल झाले आहेत; औषध चालूं ठेवावें कीं बदलावें?” एवढा एक प्रश्न विचारला असता, तर डॉक्टरांनीं कदाचित् महिनाभर वाट पाहण्यास सांगितलें असतें, कदाचित् दुसरें औषध दिलें असतें. दोहोंतील कांहींही झालें असतें तरी औषध खंडलें नसतें. आणि आज तो म्हातारा बांधावरून एकटा घरीं येऊं शकला असता.